खांबावरची टिचकी

कुठल्याही देवळात गेले की माझा हात आधी खांबाकडं जायचा. नमस्कार नंतर. खांबावर एक टिचकी मारायची आणि कान द्यायचा. दगड असेल तर आवाज येत नाही, नखालाच लागतं. जुनं सागवान जरा बोलतं. आणि लाकडाचा रंग दिलेलं सिमेंट असेल तर बोटाला लगेच कळतं. त्या एका टिचकीवर मी ठरवायचे, या देवळात किती वेळ घालवायचा. सिमेंट निघालं की दोन मिनिटांत बाहेर, चपला घालून इतरांची वाट बघत उभी.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पुण्याच्या आसपासच्या जुन्या वास्तू दाखवायच्या सहली काढायला लागले. पुरवण्यांमधून थोडंफार लिहिलंही. यादवकाळ, पेशवाई, वीरगळ, कोरीव द्वारशाखा, यांत मी रमले. इथपर्यंत ठीक आहे. पण या आवडीच्या पोटात एक तुच्छता वाढत होती आणि तिला मी अभिरुची म्हणत होते. जुनं ते खरं, नंतर बांधलेलं ते सोंग. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द माझ्या तोंडी शिवीसारखा यायचा. आज प्रामाणिकपणे बघते तेव्हा वाटतं, त्यात कलेवरचं प्रेम जितकं होतं तितकाच गर्व होता. इतरांना जे कळत नाही ते मला टिचकीत कळतं, हा गर्व. समोर माणसं डोळे मिटून हात जोडून उभी असायची आणि मी मनातल्या मनात त्यांना नापास करत असायचे.

माझा भाचा टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. एदोगावा वॉर्डातल्या या भागात आपले आयटीवाले इतके आहेत की स्टेशनबाहेर मराठी कानावर पडली तर वळून बघायचं कारण नाही. याच वॉर्डाच्या सभागृहात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून गेले होते. भाच्यानं बोलावलं, तशी मी जपानची आखणी केली. नारा आणि क्योतोला भरपूर वेळ, टोकियोला एक दिवस. तोही भाच्याचं मन मोडू नये म्हणून. “टोकियोत बघण्यासारखं जुनं उरलंय काय?” असं मी त्याला फोनवर विचारलंही होतं. “फारसं नाही, मावशी,” तो म्हणाला, आणि पुढं काही बोलला नाही. मुलगा समजूतदार आहे.

त्या दिवशी सकाळी आधी मेइजी जिंगूला गेलो. हाराजुकू स्टेशनच्या गजबजाटातून बाहेर पडून भल्या मोठ्या लाकडी तोरीच्या कमानीखालून आत शिरलं की शहर तिथंच थांबतं. दोन्ही बाजूंना दाट, उंच, काळोखी रान. मी हरखून गेले आणि भाच्याला आपल्याकडची देवराई समजावून सांगायला लागले. देवाचं रान कसं राखतात, पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड कशी लावत नाहीत, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की हे रान लावलेलं आहे. सम्राट मेइजींच्या स्मरणार्थ हे देवस्थान १९२० साली झालं, तेव्हा लोकांनी देशभरातून झाडं पाठवली. सुमारे एक लाख. शंभरेक वर्षांनी रान आपलं आपण चालत राहावं अशा हिशेबानं वनतज्ज्ञांनी झाडांची निवड केली होती. आणि मुख्य देऊळ? ते १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, आताचं १९५८चं. माझी देवराई तिथंच संपली. मी फोन पिशवीत टाकला.

तिथून झोजोजीला. तोकुगावा शोगुनांचं हे घराण्याचं देऊळ, सहा शोगुन इथं पुरलेले. समोरचा दरवाजा १६२२चा, खराखुरा. लाल रंगातलं ते दणकट लाकूडकाम बघून माझा जीव भांड्यात पडला. फोटो काढताना मात्र पाठीमागचा टोकियो टॉवर फ्रेममध्ये घुसत होता, तो वगळायला मी कितीतरी वेळ पुढं-मागं, डावी-उजवीकडं होत राहिले. हा टॉवर ३३३ मीटर उंच, तोही १९५८चाच. त्यात वापरलेलं काही पोलाद कोरियन युद्धातल्या मोडीत काढलेल्या अमेरिकी रणगाड्यांचं आहे. आतलं मोठं देऊळ १९७४चं, काँक्रीटचं. मी आत गेले, टिचकी मारली, बाहेर आले. एका कडेला लाल टोप्या घातलेल्या जिझोच्या छोट्या मूर्तींच्या रांगा आहेत, जन्माआधी किंवा लहानपणीच गेलेल्या मुलांसाठी. तिथं थांबले. पण ते दुःख वेगळं आहे, इथं त्यावर लिहीत नाही.

दाइमोन स्टेशनवरून भुयारी रेल्वेनं थेट आसाकुसा. सेन्सोजी हे टोकियोतलं सगळ्यात जुनं देवस्थान. सन ६२८मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती आली, अशी आख्यायिका. आपल्याकडं कितीतरी गावचे देव असेच डोहात नाहीतर जाळ्यात सापडलेले असतात, त्यामुळं ही गोष्ट मला लगेच जवळची वाटली. आता इथं तरी काही हाती लागेल, अशा आशेनं मी कामिनारीमोन या पहिल्या दरवाज्याशी आले.

तर तो १९६०चा! आधीचा १८६५ साली जळला आणि पुढं जवळजवळ शतकभर दरवाजाच नव्हता. मग मात्सुशिता कोनोसुके यांनी, म्हणजे ज्या कंपनीला आपण पॅनासॉनिक म्हणून ओळखतो तिच्या संस्थापकांनी, आजारातून उठल्यावर तो बांधून दिला. मधोमध टांगलेला सातशे किलोंचा लाल कागदी कंदील दर काही वर्षांनी नवा करतात. त्याच्या बुडाशी पितळी कड्यावर देणगीदार कंपनीचं नाव आहे. आपल्याकडं देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं ना, तसंच. भाचा हसत होता. मला हसू येत नव्हतं.

पुढं नाकामिसे, देवळाकडं जाणारी दोन्ही अंगांना दुकानं असलेली अडीचशे मीटरची गल्ली. सेनबेई, पंखे, माकडाची खेळणी, किमोनो भाड्यानं घेतलेल्या पोरी. मी नाक मुरडून भरभर चालले होते. तेवढ्यात भाचा म्हणाला, “मावशी, ही दुकानं देवळापेक्षा जुनी आहेत हं.” मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच तसं आहे. १९२३च्या भूकंपानंतर ही दुकानांची रांग १९२५ साली काँक्रीटमध्ये बांधली. १९४५मध्ये आतून जळली, पण सांगाडा उभा राहिला. देऊळ मात्र लाकडी होतं. तोकुगावा इएमित्सूनं १६४९ला बांधलेलं, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेलं. ते एका रात्रीत गेलं. आताचं देऊळ काँक्रीटचं. साल १९५८.

“सगळं तुझ्याच वयाचं निघालं,” भाचा म्हणाला. माझाही जन्म १९५८चा. सकाळचं मेइजी जिंगू, दुपारचा टॉवर, आता हे. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, पण मला ती लागली.

मुख्य देवळाच्या पायऱ्यांखाली मोठ्या धूपपात्राभोवती लोक धूर ओंजळीनं अंगावर घेत होते. दुखऱ्या गुडघ्याला, पाठीला, पोरांच्या डोक्याला. वर लाकडी पेटीत नाणी पडल्याचा खणखणाट सतत चालू. छतावर मधोमध ड्रॅगन, दोन्ही बाजूंना अप्सरा, विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी रंगवलेल्या. छपराची कौलं टायटॅनियमची, कारण ती हलकी, भूकंपात वरचा भार कमी. मी खांबाशी गेले. लाल रंगाखाली काय आहे हे माहीत असूनही टिचकी मारली. सवयच ती. आणि मूर्ती? ती दाखवतच नाहीत. पुजाऱ्यांनाही नाही. १३ डिसेंबरला थोडा वेळ दाखवतात ती तिची प्रतिनिधी मूर्ती. म्हणजे या अख्ख्या जागेत जी एक गोष्ट खरोखर जुनी मानली जाते, ती कुणी बघायचीच नाही, आणि जे बघायचं ते सगळं नवं. यांना देऊळ कशाला हवंय, मी मनात म्हणाले, पडदा लावला तरी चालेल. हे वाक्य पुढं कुठंतरी लिहायचं म्हणून मी लक्षातही ठेवलं होतं.

भाच्याला माझा चेहरा वाचता येतो. त्यानं मला देवळाच्या उजव्या अंगाला नेलं. तिथं कोळी भाऊ आणि त्यांना मूर्तीचा अर्थ सांगणारा गावकरी, अशा तिघांचं आसाकुसा जिंजा हे देऊळ आहे. बांधकाम १६४९. लाखेचा रंग, जुनं लाकूड, खांबांवर पशुपक्ष्यांची चित्रं. पलीकडं पूर्वेला नितेनमोन दरवाजा, १६१८चा. दोन्ही त्या रात्री वाचलेले. माणसंही तुरळक. मी सुखावले. दिवस वसूल झाला असं वाटून मी तिथं चांगली रेंगाळले, एकेक सांधा बघितला.

आणि तिथंच पहिल्यांदा मला माझ्या सुखाची शंका आली.

काही फार मोठं घडलं नाही. मी जुन्या देवळाचे फोटो काढून वळले तर समोर नवं देऊळ. मध्ये पावलांचंच अंतर. मूळची दोन्ही एकाच शोगुननं एकाच साली बांधलेली. १० मार्च १९४५च्या पहाटे एक जळलं, एक राहिलं. त्या रात्री आग इकडं वळली, तिकडं वळली नाही, एवढाच फरक. मग मी ज्याला ‘खरं’ म्हणत होते त्याची पुण्याई कोणती? वाचलं, ही? ज्या देवळाकडं मी पाठ फिरवली होती त्याचा गुन्हा काय? जळलं, हा? मी जुनेपणाला गुण मानत आले होते, आणि इथं तर तो नुसता योगायोग होऊन समोर उभा होता. त्याउलट पलीकडच्या काँक्रीटमध्ये योगायोग काहीच नव्हता. ते कुणीतरी ठरवून, पैसे गोळा करून, पुन्हा उभं केलेलं होतं. राख झालेल्या वस्तीनं.

आवारात एक जुनं गिंकोचं झाड आहे, आठशे वर्षांचं म्हणतात. खोडाचा आतला भाग अजून काळा आहे. भाचा त्याच्यापाशी उभा राहून सांगत होता. १९२३च्या भूकंपात सगळीकडं आगी लागल्या तेव्हा सेन्सोजी वाचलं होतं, आणि त्याच्या आवारात आसरा घेतलेली हजारो माणसंही. म्हणून १९४५मध्ये बी-२९ विमानांनी पेटवे बॉम्ब टाकले तेव्हा लोक पुन्हा इकडंच धावले. मागच्या वेळी कान्नोननं वाचवलं होतं ना. या वेळी देऊळच पेटलं. त्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसं मेली, चाळीसेक चौरस किलोमीटर शहर जळालं.

मी काही बोलले नाही. माझ्या मनात होतं ते दुसरंच. त्या धावणाऱ्या माणसांपैकी जी जगली, त्यांनी पुढची तेरा वर्षं काय केलं असेल? घर नाही, माणसं नाहीत, खायला पुरेसं नाही, आणि तरी या देवळासाठी पैसे जमत गेले. आणि ते बांधून झाल्यावर सत्तरेक वर्षांनी पुण्याची एक बाई येते आणि खांबावर टिचकी मारून म्हणते, सिमेंट.

नदीकडं चालत गेलो. कोतोतोई पुलाजवळ सुमिदा पार्कात त्या रात्रीच्या मृतांचं स्मारक आहे. बाजूला जुन्या पुलाच्या कठड्याचे काही दगड ठेवलेत. त्या रात्री नदीच्या दोन्ही तीरांवरची माणसं पलीकडं वाचू म्हणून पुलावर शिरली, मध्यावर एकमेकांना भिडली, आणि आग पुलावरून गेली. दगड साधे आहेत, काळपट. दिवसभर मला हवी होती तशी ही वस्तू होती. अस्सल, मूळ, न बदललेली. मी हात मागं घेतला. माझ्या सगळ्या जुन्या वस्तूंच्या प्रेमात इतके दिवस एक प्रश्न कधी आलाच नव्हता, की ही जुनी राहिली ती कशामुळं, आणि तिच्यासोबतचं बाकीचं कुठं गेलं.

आणि मग तिथल्या बाकावर बसल्या बसल्या पळसदेव आठवलं.

पुणे-सोलापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याखाली पळसनाथाचं जुनं देऊळ आहे. धरण झालं, भीमाकाठची गावं उठली, पळसदेवकरांनी वर नवं गाव वसवलं आणि पळसनाथाची स्थापना नव्या देवळात केली. जुनं देऊळ एरवी बुडालेलं असतं. दुष्काळी साली पाणी फार खाली गेलं की ते बाहेर येतं, आणि मग आमच्यासारखे कॅमेरे घेऊन धावतात. तशाच एका उन्हाळ्यात मी एक गट घेऊन गेले होते. चिखल तुडवत देवळापर्यंत पोचलो, मी तासभर बोलले, लोकांनी वाहवा केली. परत येताना काठावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. धोतर, पांढरी टोपी. “ताई, वर देव हाय. दर्शन घिऊन जावा की,” ते म्हणाले. मी घड्याळाकडं बघून म्हटलं, “नको, आम्ही देऊळ बघायला आलोय.” वरचं देऊळ सिमेंटचं असणार हे मी गृहीत धरलं होतं. म्हणजे मी ते पाहिलेलंही नाही. ते म्हणाले, “बरं,” आणि बाजूला झाले. गाडीत मी यावर विनोद केला. तो इथं लिहायची मला लाज वाटते.

त्या माणसाचं वय बघता, त्यानं ते गाव बुडताना पाहिलेलं असणार. ज्या दगडांवर मी तासभर व्याख्यान दिलं त्यांच्या सावलीत कदाचित त्याचं लग्न झालं असेल. त्याला देऊळ सोडावं लागलं, देव त्यानं सोडला नाही. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या पैशातून, उसाच्या बिलातून, कशातून तरी गावानं नवं देऊळ उभं केलं, आणि मी त्याला त्याच्याच देवळाचं महत्त्व शिकवून पुण्याला निघून गेले. मला दुष्काळ पाहिजे होता, म्हणजे माझं देऊळ बाहेर येईल. हे त्या बाकावर पहिल्यांदा इतकं उघडं दिसलं. पाणी आटलं की आमच्या गटात आनंदाचे निरोप फिरायचे.

संध्याकाळी स्कायट्रीवर गेलो. ६३४ मीटरचा हा मनोरा २०१२ साली उघडला, आणि मी त्याच्याविषयीही टोमणे तयार ठेवले होते. ते वापरावे लागले नाहीत. त्याच्या मधोमध काँक्रीटचा एक पोकळ खांब आहे, बाहेरच्या पोलादी जाळीपासून सुटा ठेवलेला. भूकंपात दोन्ही वेगवेगळे डोलतात आणि एकमेकांचा हेलकावा कमी करतात. जपानी पाच मजली लाकडी पॅगोडांच्या पोटात असाच एक उभा खांब असतो, म्हणून बांधणाऱ्यांनी नावही त्यावरूनच दिलं. नदीच्या पलीकडं सेन्सोजीचा पॅगोडा आहे, तो १९७३चा, जुन्या जागेच्या समोरच्या बाजूला, पोलाद-काँक्रीटचा. परंपरा कुठल्या इमारतीत आहे हे टिचकीनं कसं ओळखायचं?

खरा धक्का मात्र रात्री बसला. दुसऱ्या दिवशी नाराजवळच्या होर्युजीला जायचं होतं. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींपैकी काही तिथं आहेत, सातव्या-आठव्या शतकातल्या. तिथल्या कोंदो या मुख्य दालनातली भित्तिचित्रं अजिंठ्याशी नातं सांगणारी होती म्हणून मी ती भेट फार जपून ठेवली होती. भाच्याच्या घरी चहा घेत त्यावर वाचत बसले. २६ जानेवारी १९४९ रोजी, दुरुस्ती चालू असताना आणि चित्रांच्या नकला काढण्याचं काम चालू असताना, कोंदोला आग लागली. विजेच्या उपकरणानं लागली असावी असं मानतात. बाराशे वर्षांहून जुनी चित्रं करपली. जपाननं पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला. एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्या वेळी होर्युजीच्या दुरुस्ती कामाचे प्रमुख होते वास्तू-इतिहासकार ओओका मिनोरू. आगीचा ठपका त्यांच्यावर आला. आणि सेन्सोजीचं १९५८चं काँक्रीटचं देऊळ उभारलं ते याच ओओका मिनोरूंनी. पुढचा होझोमोन दरवाजाही त्यांचा, पॅगोडाही त्यांचाच.

मी ते परत परत वाचलं. दिवसभर माझ्या मनात सेन्सोजी बांधणारा म्हणजे कुणीतरी ठेकेदार होता, स्वस्तात उरकणारा, जुन्याची किंमत नसलेला. आणि तो तर माझ्यापेक्षा कैकपटीनं जुन्याचा जाणकार निघाला. लाकडाचा एकेक सांधा, एकेक शतक ओळखणारा. त्याच्या देखरेखीखाली जगातलं एक अजोड चित्रदालन जळलं होतं. त्यानंतर त्यानं काँक्रीट निवडलं. बाहेरून देवळाचं रूप जुनंच ठेवलं, आणि आत न जळणारं ओतलं. त्याच्या मनात काय होतं हे मी कोण सांगणार? पण ज्यानं ती आग बघितली त्यानं लाकडाला नकार दिला, यात मला अज्ञान शोधता येईना. त्याच्या काँक्रीटमध्ये लाकडाचं माझ्याहून जास्त प्रेम असू शकतं, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. भाचेसून दिवा घालवायला आली तेव्हा मी तशीच बसले होते.

होर्युजीला गेले. कोंदोच्या भिंतींवर आता १९६०च्या दशकाअखेरीस केलेल्या नकला आहेत. दोन दिवसांपूर्वीची मी असते तर ‘नकला’ म्हणून पुढं गेले असते. मी त्या सावकाश बघितल्या. चांगल्या आहेत.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बाई सिमेंटला शरण गेल्या. तसं नाही. यादवकालीन दगडावर तैलरंग फासलेला दिसला की माझा अजून संताप होतो, आणि व्हायला हवा. जळलेलं, बुडालेलं देऊळ पुन्हा बांधणं वेगळं आणि धडधाकट देऊळ पाडून फरशा बसवणं वेगळं. पण ही रेघ मी समजत होते तितकी सरळही नाही. काशी विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलं. त्र्यंबकेश्वर नानासाहेब पेशव्यांनी उभं केलं. हे माझ्या लाडक्या यादीतले जीर्णोद्धारच की. त्यांच्यावर दोन-अडीचशे वर्षं गेली म्हणून मी त्यांना माफ केलं होतं. काँक्रीटला किती वर्षांनी माफ करायचं, हा हिशेब मला कुणी विचारला नव्हता, आणि मी तर १९५८चीच.

आमच्या पेठेत एक लाकडी देऊळ आहे. ते पाडून नवं बांधायचा विश्वस्तांचा विचार आहे. मागं मी त्यावर हरकतीचं पत्र दिलं होतं, त्यात शेवटी ‘काँक्रीटच्या पेटीत देव राहत नाही’ असं लिहिलं होतं. जपानहून आल्यावर मी त्यांच्या बैठकीला गेले. पत्रं पाठवायचे, जात कधी नव्हते. हरकत कायमच आहे, असं सांगितलं. खांबांचे बुडखे कुजलेत तेवढे कापून नवं सागवान जोडता येईल, वरचं लाकूड उत्तम आहे. आणि शेवटचं वाक्य मागं घेते. ते फुशारकीचं होतं, असंही म्हणाले. एक विश्वस्त म्हणाले, “मग जपानला जाऊन तुमचं मत बदललं काय? हरकत तर तीच.” उत्तर द्यायच्या ऐवजी मी विचारलं की देवळाचं वायरिंग शेवटचं कधी तपासलं होतं. कुणालाच सांगता येईना. शनिवारवाडा १८२८ला जळला ते लोकांना सांगताना माझा गळा भरून यायचा, पण हा प्रश्न मीही कधी विचारला नव्हता.

वायरमन आला. शिडी लावून त्यानं सभामंडपातल्या कोरीव महिरपीच्या मागं बॅटरी मारली. मागं जुन्या वायरींचा गुंता होता, जोडांवर नुसती टेप, त्यावरच नवरात्रातल्या माळांचे फाटे, आणि सगळ्यावर कबुतरांच्या काड्या. याच महिरपीचा फोटो मी कित्येक वर्षं प्रत्येक गटाला दाखवत आले होते. वायरमननं मेन स्विच पाडला आणि सगळं बदलावं लागेल म्हणून सांगितलं. मग बिल कुणाच्या नावानं करायचं ते विचारलं. मी माझं नाव सांगितलं. विश्वस्तांनी एकमेकांकडं बघितलं. माझं पत्र अजून त्यांच्या फायलीत होतं, आणि ते परत मागायचं धाडस मला झालं नाही.